मी त्या पाण्याचं इचारत न्हाई

गेल्या जुलैत, बेळगावात आठवडाभर ऊन पडलं नव्हतं त्या दिवसांत, दुपारी तीनच्या सुमाराला आत्तीचा फोन आला. मी ऑफिसात एका एक्सेल शीटपुढं बसलो होतो. टेबलावरचे कागद दमट झाले होते, पंच केलेल्या भोकांशी फाटत होते. आत्तीचं बोलणं नेहमी मधूनच सुरू होतं, जणू आदल्या फोनचं वाक्य अर्धं राहिलं होतं. "पाणी पाराला लागलंय बघ," ती म्हणाली. "काळम्मावाडीच्या धरणातनं सोडलंय म्हणं. म्हसरं वरच्या आळीला नेली. तुझ्या पावत्या प्लॅस्टिकात गुंडाळून माडीवर ठेवल्यात." माझ्या पावत्या म्हणजे तिच्याच मुदत ठेवीच्या पावत्या, पैसे आमच्या बँकेत ठेव असं मी सांगितलं, म्हणून त्या माझ्या. मी म्हटलं, बरं केलंस. ती जरा थांबली. मग म्हणाली, "तुझ्या ब्यांकंत न्हाई न्हवं शिरत पाणी?" मला हसू आलं. म्हटलं, आत्ती, बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, इथं कुठलं पाणी येतंय. पलीकडून पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा येत राहिला. "मी त्या पाण्याचं इचारत न्हाई," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. रेंज गेली की तिनंच ठेवला, कळलं नाही.

पुन्हा लावला तर लागेना.

गंमत म्हणा की आणखी काही, समोर उघडं असलेलं शीट नेमकं 'त्या' पाण्याचंच होतं. दर तिमाहीला ते मुख्य कार्यालयातून येतं. वर लांबलचक इंग्रजी नाव असतं, आम्ही त्याला 'स्ट्रेसचं शीट' म्हणतो. मराठीत ताण चाचणी म्हणतात असं मी कुठंतरी वाचून शेजारच्या टेबलावर म्हणून दाखवलं, तर तो म्हणाला, हे हार्टवाल्या डॉक्टरचं वाटतंय. तसं ते त्याच जातीचं आहे. माणसाला ट्रेडमिलवर चढवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, आणि छाती कुठं बोलायला लागते ते बघतात. बँकेला पळवता येत नाही म्हणून कागदावर पळवतात. समजा पूर आला. समजा कारखान्यानं उसाचं बिल सहा महिने दिलं नाही. समजा घरांचे भाव उतरले, व्याजदर अडीच टक्क्यांनी चढले, सगळ्यात मोठ्या तीन कर्जदारांनी एकदम हात वर केले. मग काय उरतं ते मांडा. आमच्या क्षेत्रीय कार्यालयाचा वाटा लहान आहे. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी भागातल्या शाखांचं कर्ज किती, त्यातलं नदीकाठच्या गावांतलं किती, आणि पूर आला तर त्यातलं किती थकेल, टक्क्यांत. शेवटच्या रकान्यात मी पंधरा लिहिलं होतं. मागच्या तिमाहीलाही पंधरा होतं. त्याच्या मागच्याही. मूळचं पंधरा कुणी आणि कशावरून काढलं हे ज्यांना माहीत होतं, ते धारवाडला बदलून गेले. मी एकदा विषय काढला तर साहेब म्हणाले होते, "इरली बिडरी, असू दे, सोडा, गेल्या खेपेचंच टाका. वाढवलं की वरून मेल येतोय, कारण द्या म्हणून."

हिशोब तसा अवघड नाही. चौथीतलं पोरगंही करील. बँकेनं जोखमीवर दिलेले शंभर रुपये धरा. त्यातले बहुतेक ठेवीदारांचे; बँकेचं स्वतःचं भांडवल बारा रुपये. शंभरातले आठ बुडीत गेले आणि तारण विकून त्यातले निम्मे हाती आले, तर चार रुपयांचा खड्डा पडतो. तो भांडवलातूनच भरायचा असतो, ठेवीदाराच्या पैशाला हात लावता येत नाही. बाराचे उरले आठ. शहाण्णवावर आठ म्हणजे सव्वाआठ टक्के आणि वर थोडं. रिझर्व्ह बँक म्हणते, व्यापारी बँकेकडं किमान नऊ हवेत, शिवाय अडीचची उशी वेगळी. म्हणजे बँक बुडाली नाही, पण नापास झाली. शंभरातला ब्याण्णव रुपयांचा हप्ता वेळेवर येतोय आणि तरीही पायाखालची वाळू सरकलेली आहे, हे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मांडून पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आता लागते. सवयीनं काय लागत नाही?

आत्तीचं गाव दूधगंगेच्या काठी. चिकोडीहून तासाभराच्या आत, आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र. आमच्याकडं पावसाळ्याची बातमी बंधाऱ्यांच्या नावांनी येते. कल्लोळ-येडूर गेला, मलिकवाड-दत्तवाड गेला, भोजवाडी-कुन्नूर गेला, अक्कोळ-सिदनाळ गेला. गेला म्हणजे पाण्याखाली गेला. दरवर्षी जातो, दरवर्षी परत वर येतो, त्यामुळं 'गेला' म्हणताना कुणाचा आवाज हलत नाही. गावातली शाळा सोडलेली माणसंसुद्धा त्या महिन्यात आकड्यांत बोलतात. काळम्मावाडीतून किती सोडलं, पाटगाव किती भरलं, कोयनेचे दरवाजे किती फुटांवर, अलमट्टीची पातळी पाचशे सतरा की अठरा. खरं कोडं खालच्या अंगाला असतं. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी पुढं जाऊ शकत नाही, ते मागं सरकतं. त्याला फुग म्हणतात. वरून पाऊस थांबलेला असतो, आभाळ उघडलेलं असतं, आणि पाणी मात्र चढत राहतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आम्ही लहानपणी माडीच्या खिडकीत बसून पायऱ्या मोजायचो, चार बुडाल्या, पाच बुडाल्या. तिकडं नृसिंहवाडीला पाणी देवळाच्या उत्तरेच्या दारानं शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की लोक त्यात स्नानाला गर्दी करतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणून. तेच पाणी पुढं कुणाच्या तरी गोठ्यात शिरणार असतं. आजीसुद्धा आधी हात जोडायची आणि मग शिव्या द्यायची, दोन्ही मनापासून.

आत्तीच्या सोप्यात भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, मामांनी विटेच्या तुकड्यानं ओढलेली. तो पूर ओसरल्यावर मामांनी लोखंडी तिजोरीसाठी सिमेंटचा कट्टा बांधून घेतला, रेघेच्या बरोब्बर एक वीत वर. गवंड्यानं विचारलं होतं, आणखी दोन थर टाकू काय? मामा म्हणाले, "आजवर पाणी हितवर आलंय. ह्याच्या वर कुठलं येतंय?" मामा काही अडाणी नव्हते. पाण्याच्या रंगावरून कुठल्या धरणाचं आहे ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी कट्टा चढून तिजोरीच्या दुसऱ्या कप्प्यात गेलं. ती दुसरी रेघ कुणाला ओढावी लागली नाही, गाळानंच ओढली. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा घरात कुजलेल्या कडब्याचा आणि फिनेलचा मिळून एक वास होता, तो माझ्या एका शर्टातून अजून जात नाही असं मला वाटतं. अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून कागद वाळत घातले होते. शेताचे उतारे, पासबुक, रेशनकार्ड, लग्नातला एक फोटो आणि ठेवीच्या पावत्या. शाई पसरून आकडे फुगले होते. पन्नास हजारांच्या एका पावतीवरची शून्यं एकमेकांत इतकी मिसळली होती की तिथं नुसता निळसर ढग उरला होता. मामा ती पावती अंगठ्यानं सारखी सरळ करत होते. मी म्हटलं, मामा, कॉम्प्युटरात सगळं आहे, काळजी करू नका. ते म्हणाले, "ते हाय रे." आणि सरळ करतच राहिले. पुढच्याच वर्षी ते गेले. २०२१ चा पूर त्यांना बघावा लागला नाही.

आता माझं काम आठवून बघतो तर आम्ही तोच कट्टा बांधतो. गेल्या कित्येक वर्षांतली थकबाकी बघायची, ती साधारण किती वरखाली होते ते काढायचं आणि आजच्या पातळीवर तेवढी एक वीत चढवायची. आमच्या भाषेत त्या वितीला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. कधी एक वीत, कधी दोन. गवंडी विचारतो, आणखी दोन थर टाकू काय? आम्ही म्हणतो, आजवर हितवर आलंय.

आणि हे काही आमच्या चिकोडी-निपाणीपुरतं नाही. २०१० च्या जुलैत युरोपात ९१ बँकांची अशी परीक्षा झाली. सात नापास. आयर्लंडच्या दोन मोठ्या बँका उत्तीर्ण झाल्या, आणि नोव्हेंबरात अख्ख्या आयर्लंडनं मदतीसाठी हात पसरला, तेही मुख्यतः बँकांपायी. पुढच्या वर्षी जुलैत डेक्सिया नावाची बँक चांगल्या गुणांनी पास झाली. ऑक्टोबरात तिला सरकारांनी उचलून धरावं लागलं. पेपर सोपा काढला होता, असं नंतर सगळेच म्हणाले. अमेरिकेनं २००९ मध्ये १९ मोठ्या बँका तपासल्या, त्यातल्या दहांना मिळून सुमारे ७५ अब्ज डॉलरचं भांडवल आणखी उभं करा असं सांगितलं, आणि कुणाला किती कमी पडतात ते नावानिशी जाहीर केलं. ती परीक्षा मात्र लोकांना खरी वाटली. मला वाटतं, काही जण उघडपणे नापास झाले म्हणूनच वाटली. पण त्याच अमेरिकेत २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. ती बँक वाढत्या व्याजदरात अडकली होती, हातातले रोखे स्वस्त झाले होते. आणि त्या वर्षी मोठ्या बँकांना दिलेल्या सगळ्यात वाईट चित्रात व्याजदर खाली येणार असं धरलं होतं! ही बँक तर त्या परीक्षेला बसवलेलीच नव्हती. पाणी पूर्वेकडून येणार म्हणून सगळ्यांनी पूर्वेची भिंत जाड केली आणि ते मागच्या परसातून आलं.

शीटमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतो तो ओळींचा सुटेपणा. पीककर्ज एक ओळ. ट्रॅक्टर कर्ज दुसरी. किराणा-व्यापार तिसरी. सोनेतारण चौथी. प्रत्येकीपुढं वेगळा टक्का. जणू ही चार वेगवेगळ्या गावांतली माणसं आहेत. आमच्याकडं पूर येतो तेव्हा काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला हे मांडणं जमायचंच नाही. ऊस दहा दिवस पाण्यात उभा राहिला की शेंड्यात गाळ बसतो आणि कांडं कुजायला लागतं. कारखान्याला ऊस कमी, गाळप लवकर आटपतं. ट्रॅक्टरवाल्यानं उन्हाळ्यातच बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला उचल देऊन ठेवलेली असते, तीही बहुतेक वेळा बँकेकडून किंवा सोसायटीकडून काढून. टोळी येते ती अर्धी, किंवा येऊन लवकर परत जाते. उचल फिटत नाही. मग ट्रॅक्टरचा हप्ता चुकतो. टोळ्या नाहीत म्हणून चौकातल्या किराणावाल्याचा माल पडून राहतो, चहाच्या गाड्याला गिऱ्हाईक नाही. ज्यांच्या घरात थोडं सोनं आहे ते सोनं घेऊन बँकेत येतात, त्यामुळं सोनेतारणाची ओळ उलट फुगते आणि शीटमध्ये ते चांगलं दिसतं. आणि या सगळ्याच्या बरोबरीनं, त्याच आठवड्यात, भिंत पडलेली माणसं ठेवी मोडायला रांगेत उभी असतात. कर्ज घेणारा आणि ठेव ठेवणारा ही आमच्याकडं दोन माणसं नसतात. एकाच घरात सोप्यावर कर्जदार बसलेला असतो आणि चुलीपुढं ठेवीदार.

निपाणीच्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथं तंबाखूचा भाव पडला की अख्खं गाव एकदम पडायचं, वखारवाला, जरडीवाली, बिडी वळणारी, सगळे. १९८१ च्या आंदोलनात शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबार झाला, ते कुठल्या बँकेच्या जोखीम-नोंदवहीत कुठल्या ओळीत बसवणार?

आत्ती ज्या पाण्याबद्दल विचारत होती ते तिनं एकदा बघितलेलं आहे. बरीच वर्षं झाली. शेजारच्या गावात एक सोसायटी होती, पतसंस्था. नाव सांगत नाही. संचालकांतले काही अजून हयात आहेत आणि लग्नकार्यात भेटतात. पिग्मी गोळा करणारा पोऱ्या रोज संध्याकाळी दारात यायचा, सायकल उंबऱ्याला टेकवून. पिग्मी ही आपल्या कर्नाटकाचीच चीज, १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेनं दिवसाला दोन आण्यांपासून सुरू केलेली. आमच्याकडं ती इतकी रुळली की आत्तीला तो मराठी शब्द वाटतो. दुधाच्या पैशातले वीस रुपये ती पदराच्या गाठीतून काढून द्यायची आणि पोऱ्या त्याच्या लहानशा मशीनमधून चिठ्ठी फाडून द्यायचा. एक दिवस पोऱ्या आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आत्ती चालत गेली तर शटरपुढं शे-दोनशे माणसं. शटर अर्धं उघडं होतं, आत दिवा चालू होता, आणि तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं, असं ती सांगते. "बंद असतं तर घरी आलो असतो. दिवा बघून बसलो संध्याकाळपतोर." पायरीवर बसून तिनं शेंगा खाल्ल्या. कुणी आत जाऊ देईना, कुणी नाही म्हणेना. चार वर्षांत थोडेथोडे करून निम्म्याहून कमी पैसे मिळाले. त्या सोसायटीचं काय बुडालं होतं म्हणाल, तर सुरुवातीला फारसं काही नाही. दोन मोठी कर्जं थकली होती, ती कदाचित सावरलीही असती. पण बातमी फुटली, आणि आज काढले नाहीत तर उद्या मिळणार नाहीत असं एकाला वाटलं की दुसऱ्यालाही तसं वाटणं शहाणपणाचंच ठरतं. रांगेत उभा असलेला एकही माणूस मूर्ख नव्हता. सगळे मिळून मात्र सोसायटी बुडवायला पुरले. नदीची फुग हीच. वरचा पाऊस थांबलेला असतो.

शीटमध्ये ठेवी काढून नेण्यालाही एक ओळ आहे, नाही असं नाही. पाच टक्के गेल्या तर, दहा टक्के गेल्या तर. पण अर्ध्या उघड्या शटरमागचा दिवा बघून बाई किती वेळ बसेल, यावर टक्का कसा काढायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

रात्री फोन लागला तेव्हा मी तिला व्यवस्थित, बँकवाल्यासारखं उत्तर दिलं. म्हटलं, आत्ती, सोसायटीचं वेगळं, बँकेचं वेगळं. सोसायटीतल्या ठेवीला सरकारी विमा नसतो, बँकेतल्या ठेवीला असतो. आधी एक लाखापर्यंत होता, २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंत आहे. तुझे सगळे मिळून त्याच्या आत बसतात. ती म्हणाली, "किती दिसांत देत्यात?" मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेनं व्यवहारावर बंदी आणली तर नव्वद दिवसांत द्यावे लागतात, २०२१ पासून तसा कायदाच आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मागं कुणीतरी बादलीनं पाणी उपसत होतं, त्याचा ताल ऐकू येत होता. "नव्वद दीस म्हंजे तीन म्हैनं," ती म्हणाली. "म्हशीला पेंड कुठली घालू मग तीन म्हैनं?" मी म्हटलं, अगं, असं काही होणार नाही, उगीच काहीतरी डोक्यात घेतेस. तिनं वाद घातला नाही. तेवढ्यात मलाच जाणवलं की 'असं काही होणार नाही' हे वाक्य मी गवंड्याला म्हटल्यासारखं म्हटलं.

न्यायाचं बोलायचं तर उलटंही घडतं. २०२० च्या जुलैत, कोरोनाच्या दिवसांत, रिझर्व्ह बँकेनं आपल्या अहवालात म्हटलं होतं की बँकांची ढोबळ थकबाकी साडेआठ टक्क्यांवरून पुढच्या मार्चपर्यंत साडेबारावर जाईल, आणि अगदीच बिघडलं तर १४.७ वर. आमच्या ऑफिसात तो अहवाल वाचून लोक एकमेकांकडं बघत होते. प्रत्यक्षात २०२१ च्या मार्चला आकडा साडेसातच्या आसपास आला. वाढायचा तो घटला. काही जण म्हणाले, बघा, उगीच घाबरवलं. पण मधल्या काळात हप्ते थांबवायला सवलत दिली होती, कर्जांची फेररचना झाली होती, लहान उद्योगांना सरकारी हमीवर नवीन कर्जं दिली होती. धरणवाल्यानं भोंगा वाजवला, लोकांनी म्हसरं हलवली, आणि मग पाणी गोठ्यापर्यंत आलं नाही म्हणून भोंगेवाल्याला बोल लावायचा, त्यातला प्रकार. अर्थात थोडं पाणी नुसतं अडवून धरलेलं होतं, हेही त्या टेबलावर बसलेल्या आम्हाला माहीत होतं. आमच्या भागापुरतं सांगायचं तर त्या काळात जे झालं ते कुठल्याच शीटमध्ये नव्हतं. कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर कोरोना चाचणीचा दाखला असल्याशिवाय इकडं सोडत नव्हते. घर इकडं आणि शेत तिकडं असलेली माणसं, कागलला कामाला जाणारी पोरं, इचलकरंजीला सूत पोचवणारे टेम्पो, सगळे नाक्यावर. सीमेवरून भांडणं आम्ही जन्मापासून ऐकतो, बसवर शाई फेकली की दोन दिवस गाड्या बंद, तिसऱ्या दिवशी सुरू. पण सीमा खरोखर बंद होऊ शकते, आणि त्यानं हप्ते थकू शकतात, हे पत्रकात 'समजा' म्हणून लिहायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आमचीच सीमा असून.

उलट्या दिशेनं करायचीही एक चाचणी असते. संकटापासून सुरू करून नुकसान मोजण्याऐवजी, बँक बुडाली असं आधीच धरायचं आणि काय काय झालं तर इथवर येईल ते मागं मागं शोधत जायचं. प्रशिक्षणात ती शिकवली तेव्हा सगळ्यांना ती पोरखेळ वाटली होती. मला वाटतं तीच त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण तिथं 'असं होणार नाही' म्हणायची सोय नसते. त्या रात्री गमतीनं मी आत्तीला तोच प्रश्न घातला. म्हटलं, माडी बुडायला किती पाणी लागेल गं? तिला विचार करायला दोन क्षणही लागले नाहीत. "पांढरीचं देऊळ कळसापतोर जायला पायजे. मग गावच न्हाई. मग पावत्या कुणाला दावायच्या?" म्हणजे तिनं हे आधीच मांडून ठेवलं होतं. माडीवर काय न्यायचं, वरच्या आळीला काय, आणि कशाचा नाद सोडायचा, तिन्ही याद्या तिच्या डोक्यात तयार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीट पुन्हा उघडलं. साहेब मीटिंगला हुबळीला गेले होते. २०१९ नंतरची शाखांची जुनी विवरणं काढली, नदीकाठच्या गावांची यादी वेगळी केली, पीककर्जाबरोबर त्याच घरांतलं ट्रॅक्टर आणि दुकानाचं कर्ज जोडून बघितलं. फेररचना करून नियमित दाखवलेली खातीही मोजली. आकडा सव्वीस आला. मी दोनदा तपासला. मग पंधरा खोडून सव्वीस टाकलं, पाठवून दिलं, आणि कँटीनला जाऊन चहा घेतला. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. खरं तर तो आकडाही गेल्याच पुराचा होता, फक्त नीट मोजलेला. कट्टा आणखी एक वीत वर, इतकंच.

चार दिवसांनी मेल आला. मागील तिमाहीच्या तुलनेत लक्षणीय वाढ, कृपया कारण द्यावे. साहेबांनी तो काही न बोलता मला फॉरवर्ड केला, खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी उत्तर लिहायला घेतलं. नदीकाठच्या शाखांतील एकाच कुटुंबातील विविध कर्जांचा एकत्रित विचार केल्यामुळे, एवढं लिहून झालं तोवर फोन वाजला.

"उतरलं बघ," आत्ती म्हणाली. "पाराच्या खाली गेलं आज सकाळी. चिखलच चिखल. पावत्या खाली आणू काय?"

बाहेर कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं होतं.

"राहू देत माडीवरच," मी म्हटलं. "अजून महिनाभर."

"महिनाभर?" ती हसली की खोकली, कळलं नाही. "बरं. ऱ्हाऊ देत."